उजव्या पायाची दुरुस्ती

मूल पाऊल टाकायला लागलं की थोड्याच दिवसांत पळायलाही लागतं, त्यासाठी शिकवणी लावावी लागत नाही, असा माझा इतकी वर्षं समज होता. तो आमच्या भाऊजींनी दूर केला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, विमा कंपनीत साहेब. मागच्या वर्षी डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं आणि यांनी धावण्याच्या क्लबात नाव घातलं. वजन होतं तिथेच राहिलं, सामान तेवढं वाढलं. सरावाचे बूट वेगळे, शर्यतीचे वेगळे, पोटऱ्या आवळून धरणारे मोजे, कमरेला पाण्याच्या इवल्या इवल्या बाटल्यांचा पट्टा, आणि मनगटावर छातीचे ठोके मोजणारं घड्याळ. एवढा जामानिमा करून हे गृहस्थ तलावाला अर्धी फेरी मारायचे, बाकावर टेकायचे आणि तिथून बाकीच्यांच्या चुका काढायचे. घरी मी जिना चढताना दिसले तरी म्हणायचे, "वहिनी, टाच आधी टेकतेय तुमची." टाच माझी, जिना माझ्या सासऱ्यांनी बांधलेला. यांचं काय जातं?

आणि याच घरात, याच माणसाच्या खोलीत, खरी पळणारी बाई राहत होती. माझी धाकटी जाऊ. ती पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायच्या कामावर आहे. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली, मोरीमागे, कुत्र्यांच्या शेजारी वाकून आकडे टिपत हिंडते. आणि त्याआधी, पहाटे, विटके बूट घालून तलावाभोवती पळून येते. का, तर तिला आवडतं. याहून मोठं कारण तिने कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

तिचं पळणं दिसायला मात्र अगदी वाईट होतं, हे मी जावेपणा बाजूला ठेवून सांगते. डावा पाय प्रत्येक पावलाला बाहेर फाकायचा, जणू वाटेतलं काहीतरी झाडून टाकतेय. कोपरं दोन्हीकडे उडायची. तोंड उघडं. पण वेग असा, की क्लबातल्या पुरुषांना ती मागून येतेय असं कळलं की एकेकाला बुटाची नाडी बांधायची आठवण व्हायची. खाली बसलेल्या माणसाला कुणी मागे टाकलं असं म्हणता येत नाही ना! तिच्या नवऱ्याने तर तिला पळताना कधी धड पाहिलंच नव्हतं. ती सुटायची तेव्हा हे मोजे चढवत असायचे आणि ती परतायची तेव्हाही मोजेच चढवत असायचे.

तिची एकच इच्छा होती. दरवर्षी शहरातल्या सगळ्या सरकारी खात्यांची मिळून दहा किलोमीटरची शर्यत होते. बायकांमधल्या पहिल्या तिघी शहराच्या संघात जातात आणि परगावच्या मोठ्या शर्यतीत पळतात. धाकटी लागोपाठ दोन वर्षं चौथी आली होती. संघात घ्यायला पस्तिशीची अट होती आणि यंदा तिची पस्तिशी पुरी होत होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. ती हे कुणाला बोलून दाखवायची नाही, पण एकदा माझ्या पार्लरमध्ये केस धुऊन घेताना डोळे मिटून म्हणाली होती, "ताई, एकदाच संघाचा टी-शर्ट घालायचाय. पाठीवर शहराचं नाव. धुवायला टाकला तरी दोरीवर दिसेल सगळ्यांना." मला तेव्हा हसू आलं.

तर या अशा वेळी आमच्या घरात सरांचा उदय झाला.

क्लबाने एक प्रशिक्षक नेमला होता. त्याला सगळे सर म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. पूर्वी सर सोफे विकायचे. मग एका शिबिराला जाऊन आले आणि माणसं दुरुस्त करू लागले. गोरेगोमटे, दाढी कोरलेली, टोपी कायम उलटी. बोलणं लोण्यासारखं. त्यांचं ब्रीद एकच: "डोळा फसवतो, कॅमेरा फसवत नाही." पळणाऱ्याकडे ते नुसत्या डोळ्यांनी कधी बघायचेच नाहीत. त्याचा व्हिडिओ काढायचे, घरी नेऊन सावकाश चालवून बघायचे आणि मग निकाल द्यायचे. तुमची हनुवटी वर आहे, तुमचे खांदे कानाला लागतात, तुमची ढांग लांब पडते. लोक खाली माना घालून ऐकायचे. हेच त्यांच्या बायकांनी सांगितलं असतं तर घरात भांडी वाजली असती.

भाऊजींनी बायकोला सरांपुढे उभं केलं. मला धाकटी म्हणाली, "ताई, तुम्हीही चला, मला एकटीला लाज वाटते." म्हणून गेले आणि तो सोहळा या डोळ्यांनी पाहिला.

सरांनी धाकटीला लांब पाठवलं आणि तिथून आपल्याकडे पळत यायला सांगितलं. आता कुणीही माणूस तिच्याकडे तोंड करून फोन धरेल. सरांनी तिच्याकडे पाठ केली. फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला, पुढचा कॅमेरा लावला, दाढीवरून हात फिरवला आणि खांद्यावरून मागे अंगठा दाखवत बोलायला सुरुवात केली, "मित्रांनो, आज आपण बघणार आहोत..." म्हणजे व्हिडिओत पुढे सरांचा चेहरा मोठा थोरला आणि मागे खांद्याच्या वर माझी जाऊ, चिमणीएवढी, धापा टाकत येतेय. त्यांचे सगळे व्हिडिओ असेच असायचे. क्लबात कुणाचाही गुडघा बघायचा झाला तर आधी सरांची दाढी बघावी लागायची.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. "तुमचा उजवा पाय बाहेर पडतो," सर म्हणाले. "सगळा वेग तिथे गळतोय. तो आत घ्या, तुम्ही पहिल्या तिघींत."

धाकटी चाचरत म्हणाली, "मला तर डावा वाटतो."

"वाटण्यावर जायचं नाही," सर म्हणाले. "डोळा फसवतो."

"अगं, सरांनी सावकाश चालवून बघितलंय," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढी भक्ती होती की मला तिथल्या तिथे चार शब्द सुनवावेसे वाटले. पण पळण्यातलं मला काय कळतंय? आणि खरं सांगायचं तर नवरा आपल्या पळण्याबद्दल काहीतरी बोलतोय याचं धाकटीला फार अप्रूप वाटत होतं. चेहऱ्यावर दिसत होतं तिच्या.

तिथून दुरुस्ती सुरू झाली. उजव्या घोट्याला रबरी पट्टा बांधून ओढणं. उजव्या पायावर उभं राहून भांडी घासणं. ताल धरायला फोनवर टिकटिक लावून पळणं. भाऊजी बाकावरून ओरडायचे, "उजवा! उजवा आत!" रोज पहाटे, अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं. स्वतःचं पळणं तर त्यांनी सोडूनच दिलं. आता ते सहायक प्रशिक्षक झाले होते. सरांसारखी पाठ करून, सरांसारखा अंगठा दाखवून तेही व्हिडिओ काढायला शिकले.

धाकटी मुकाट ऐकत होती. बिचारीचा उजवा पाय आधी सरळ पडायचा, तो आता आत वळून पडायला लागला. डावा आपला होता तसाच बाहेर. आणि गंमत बघा, दर आठवड्याला सर नवा व्हिडिओ बघून मान हलवायचे, "उजवा अजून बाहेरच आहे. ऐकत नाही. जोर वाढवा." जोर वाढला. वेग कमी झाला. "सुरुवातीला कमी होतोच," सर म्हणाले. मग उजवा गुडघा दुखायला लागला. "जुनी सवय बाहेर पडतेय," सर म्हणाले. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तरात चूक दुसऱ्याचीच होती. सोफेसुद्धा त्याने असेच खपवले असतील.

शर्यत आठवड्यावर आली तेव्हा धाकटी केस कापायला माझ्याकडे आली. पळताना मानेवर येतात म्हणाली. मी तिला आरशासमोर बसवलं, अंगावर कापड टाकलं आणि केस ओले केले. भाऊजींनी तिला गृहपाठ दिला होता, सरांचा ताजा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचा. म्हणून तिने फोन आरशाच्या खालच्या फळीवर टेकवून ठेवला आणि लावला. सरांची दाढी, सरांचा अंगठा, मागे ती.

माझं आयुष्य आरशासमोर गेलंय. गिऱ्हाईक खुर्चीत, मी त्याच्या मागे, आणि आमची दोघींची सगळी बोलणी आरशात. माणूस आरशात दिसतो तसा फोटोत दिसत नाही, हे मला कुणी सांगायला नको. बायका फोटो बघून माझ्याशी भांडायला येतात, की तुम्ही भांग चुकीच्या बाजूला पाडला. भांग बरोबरच असतो. रोज आरशात बघून त्यांना तो उलट्या बाजूला बघायची सवय झालेली असते.

मी कात्री हातात घेऊन वर बघितलं, आरशातल्या धाकटीकडे. खाली बघितलं, फोनमधल्या धाकटीकडे. दोघी हुबेहूब. भांग एकाच बाजूला. कात्री माझ्या हातात तशीच राहिली. कारण दोघी हुबेहूब असायला नको होत्या.

"घड्याळ कुठल्या हातात घालतेस तू?" मी विचारलं.

"उजव्या. का?"

"फोनमध्ये बघ."

तिने व्हिडिओ थांबवला आणि बोटांनी मोठा केला. फोनमधल्या बाईच्या डाव्या हातात घड्याळ होतं.

मग मी तिचा फोन घेतला आणि तिचाच व्हिडिओ काढला, एकदा नेहमीच्या कॅमेऱ्याने आणि एकदा सरांच्या पद्धतीने, पुढच्या कॅमेऱ्याने. पहिल्यात भांग बरोबर आला. दुसऱ्यात घड्याळ डाव्या हातात गेलं. काही फोनमध्ये हे आरशासारखं उलटं दिसणं बंद करायची सोय असते म्हणे. पण सरांना आपला चेहरा आरशात दिसतो तसाच आवडत असणार, ते कशाला बंद करतायत? म्हणजे दाढीच्या प्रेमापायी या माणसाने अख्ख्या क्लबाचं डावं ते उजवं करून ठेवलं होतं. आणि टोपी उलटी नसती, पुढची अक्षरं दिसत असती, तर कुणीतरी ती वाचायला गेलं असतं आणि पहिल्याच दिवशी बिंग फुटलं असतं.

धाकटी आधी हसली. हसता हसता उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसायची थांबली. "हा चांगला होता," ती म्हणाली. "ताई, हा माझा चांगला पाय होता." मला इतका संताप आला की केस तसेच अर्धवट टाकून त्या माणसाच्या घरी जावं, आणि त्याची दाढी एका बाजूने भादरून यावं, असं वाटलं.

केस पुरे केले आणि संध्याकाळी तलावावर गेलो. सर बाकावर होते, भाऊजी शेजारी. मी दोन्ही व्हिडिओ दाखवले. अगदी शांतपणे, माझ्या मानाने.

सरांनी बघितलं. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांचा चेहरा सोफा फाटलेला निघाल्यावर विक्रेत्याचा होतो तसा झाला. मग ते हसले. "डावा की उजवा, हा तपशील झाला, मॅडम. तत्त्व महत्त्वाचं. आपण शरीराला शिस्त लावतोय."

"चुकीच्या पायाला."

"पाय शेवटी दोन्ही तिचेच ना? एकाला फायदा झाला की दुसऱ्यालाही होतो."

"गुडघा सुजलाय तिचा!"

"वहिनी," भाऊजी मध्ये पडले, "तुमचं पार्लर वेगळं आणि हे शास्त्र वेगळं." लाल झाले होते. मला वाटलं शरमेने. पण नाही, सरांसमोर घरच्या माणसांनी आपली शोभा केली म्हणून. क्लबातली चार माणसं बाजूला उभी होती. त्यांच्याही पायांचं काय झालं असेल हे त्यांच्या डोक्यात यायला हवं होतं. पण ती सरांच्या बोलण्यावर माना हलवत होती. इतके दिवस जो पाय आत वळवला तो चुकीचा होता, हे कबूल करण्यापेक्षा त्याच पायाने लंगडणं लोकांना सोपं जातं.

धाकटीने वाद घातला नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "मी आता माझ्या पद्धतीने पळणार आहे. शर्यतीच्या दिवशी तुम्ही या. पण एक शब्द बोलायचा नाही. उजवा नाही, डावा नाही. फक्त बघा."

"बरं बाई," भाऊजी म्हणाले.

"शब्द द्या."

"दिला."

त्यानंतर तिने रबरी पट्टा माळ्यावर टाकला, गुडघ्याला शेक दिला आणि जुने विटके बूट बाहेर काढले. पण पाय काही फोन नव्हे, बटण दाबलं की पूर्ववत व्हायला. पळताना मध्येच उजवा आत वळायचा आणि ती दात ओठ खाऊन त्याला पुन्हा सरळ करायची. शेवटच्या दोन दिवसांत मात्र जमलं. परत आली तेव्हा कोपरं उडत होती, तोंड उघडं होतं, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच ती आनंदात दिसत होती. इतकं वाईट पळणं बघून मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

शर्यतीचा शेवट पंपिंग स्टेशनच्या फाटकापाशी होता. मी रस्त्याच्या एका कडेला उभी होते. समोरच्या कडेला, शेवटच्या रेषेला अगदी खेटून, भाऊजी आणि सर. दोघांनाही क्लबाचे नवे टी-शर्ट. पहिली आली, पोलिसांतली, ती दरवर्षीच पहिली येते. दुसरी आली. आणि मग वळणावर आमची धाकटी दिसली. डावा पाय रस्ता झाडतोय, कोपरं पंखांसारखी, चेहरा लालबुंद. तिच्या मागे करविभागातली टायपिस्ट होती, पण चार-पाच पावलं मागे. मी ओरडायला लागले. काय ओरडले ते आठवत नाही, शेजारचा माणूस दोन पावलं लांब सरकला एवढं आठवतं.

तेवढ्यात माझी नजर समोर गेली. एवढी माणसं वाकून वाकून रस्त्याकडे बघत होती आणि त्यात दोनच माणसं रस्त्याकडे पाठ करून उभी होती. भाऊजींनी फोन समोर उंच धरला होता. सर त्यांना चिकटून उभे राहून अंगठा दाखवत बोलत होते, "मित्रांनो, आपली विद्यार्थिनी..." फोनच्या पडद्यावर त्यांच्या खांद्यामागून धाकटी येत असणार, आणि तिचा तो पाय बाहेर पडत असणार. भाऊजींनी तो पाहिला. आणि शब्द दिलेला माणूस, मागे वळून न बघता, गळा काढून ओरडला, "उजवा! उजवा आत!"

कित्येक आठवडे रोज पहाटे तिने ती हाक ऐकली होती. पायाने तिला विचारलं नाही, ऐकून टाकलं. उजवा पाऊल टाकता टाकता आत वळला, गुडघा लचकला, ती अडखळली. पडली नाही. तोल सावरला, दोन पावलं लंगडत टाकली, पुन्हा वेग घेतला. तेवढ्यात टायपिस्ट तिच्या बाजूने पुढे निघून गेली.

मी रस्ता ओलांडून गेले तेव्हा धाकटी रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी होती. घाम टपटप जमिनीवर पडत होता. भाऊजी पळतच आले. त्या दिवशी ते खरोखर पळाले, टाच आधी टेकवत.

"हे बघ," ते म्हणाले आणि फोन तिच्या नाकासमोर धरला. "सांगत होतो ना, उजवा अजून बाहेरच पडतोय. बाकी खांदे मस्त आलेत." मग आठवलं तसं विचारलं, "कितवी आलीस?"

धाकटी सरळ झाली. "चौथी," ती म्हणाली.

"अरेरे," भाऊजी म्हणाले.

"हरकत नाही," मागून सर आले. "पाया घातला गेलाय. पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही."

सरांना हे माहीत नव्हतं. भाऊजींना माहीत होतं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सर म्हणाले, "ओह," आणि टोपी काढून पुन्हा उलटीच घातली.

"मी तुम्हाला एकच सांगितलं होतं," धाकटी नवऱ्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "फक्त बघा म्हटलं होतं."

"अगं, बघतच तर होतो!" भाऊजींनी फोन पुरावा दाखवावा तसा वर केला.

तिने तो हातात घेतला आणि शेवटपर्यंत बघितला. मीही तिच्या खांद्यावरून बघितला. सरांची दाढी, मागे ती, डाव्या हातात घड्याळ. मग भाऊजींचा ओरडा. आणि ती अडखळली, टायपिस्ट पुढे गेली, तो सगळा वेळ सरांच्या अंगठ्याआड गेला होता. पडद्यावर नुसता अंगठा होता, चांगला जाडजूड, वर केलेला.

धाकटीने फोन परत दिला.

"बघत होतात," ती म्हणाली, "तर मग मी कितवी आले ते मला का विचारलंत?"

भाऊजींनी फोनकडे बघितलं. फोन हळूहळू खाली आला आणि मग, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, ते तिच्याकडे बघायला लागले. पण ती तोवर वळली होती. बूट काढून तिने हातात घेतले आणि अनवाणीच फाटकाकडे चालू लागली, डावा पाय बाहेर टाकत, उजवा थोडा आत.